दोष रक्ताचा किती, धुराचा किती?

एखाद्या घरातील कर्ता पुरुष फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला, की त्याच्या आजाराची दोन स्पष्टीकरणे आपल्या समाजात तयार असतात. एक त्याची बिडी आणि दुसरे त्याचे रक्त. ‘बापालाही असाच खोकला होता, घराण्यातच आहे,’ असे कोणी म्हटले की पुढचे प्रश्न आपोआप मिटतात. उलट, ‘आमचे आजोबा ऐंशी वर्षांचे होईपर्यंत बिडी ओढत होते, त्यांना काय झाले?’ हा सवालही चावडीवर हमखास ऐकू येतो. दोन्ही उद्गारांच्या मुळाशी समजूत एकच आहे: रोग होणे वा न होणे हे जन्मतःच ठरलेले असते. आधुनिक आनुवंशशास्त्राने या समजुतीला काही आधार दिला आहे काय, आणि दिला असल्यास तो कितपत, हे तपासून पाहिले पाहिजे. कारण या प्रश्नाच्या उत्तराशी वैद्यकाप्रमाणेच कर, विमा आणि सार्वजनिक खर्च यांचाही संबंध आहे.

हा वाद नवा नाही. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली ब्रिटनमधील रुग्णांची पाहणी करून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा निकट संबंध दाखवून दिला. त्याला सर्वांत वजनदार हरकत घेतली ती सर रोनाल्ड फिशर यांनी. संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव परिचित आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेशीही त्यांचा स्नेहसंबंध होता. १९५७-५८ मध्ये त्यांनी असा मुद्दा मांडला की, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कदाचित एखादी आनुवंशिक घडणच माणसाला धूम्रपानाकडे ओढत असेल आणि तीच त्याला कर्करोगही देत असेल. एकरूप जुळ्या भावांच्या धूम्रपानाच्या सवयी परस्परांशी अधिक जुळतात, हा पुरावाही त्यांनी पुढे केला. त्या काळी फिशर हे तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते. अमेरिकेतील तंबाखू कंपन्यांनीही १९५४ मध्ये आपल्या संशोधन समितीच्या वैज्ञानिक प्रमुखपदी क्लॅरेन्स कुक लिट्ल या आनुवंशशास्त्रज्ञाचीच निवड केली होती. अनुवंशाचा युक्तिवाद कोणाच्या सोयीचा होता, हे यावरून ध्यानात येते.

तथापि सोयीचा युक्तिवाद खोटाच असतो असे नाही. तो तर्काच्या कसोटीवरच तपासावा लागतो. ती कसोटी १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावली. त्यांचे म्हणणे साधे होते. धूम्रपान करणाऱ्यांना हा रोग इतरांच्या नऊपट होत असेल आणि त्याचे खरे कारण एखादा लपलेला आनुवंशिक गुण असेल, तर तो गुण धूम्रपान करणाऱ्यांत इतरांच्या किमान नऊपट आढळला पाहिजे. असा प्रबळ गुण दाखवून द्या, एवढेच त्यांनी मागितले. तो कोणालाही दाखविता आला नाही.

पुढे जवळजवळ अर्ध्या शतकाने, २००८ साली, फिशर यांच्या अनुमानाचा एक भाग खरा ठरला. फ्रान्समधील लिआँ, अमेरिकेतील ह्यूस्टन आणि आइसलँड येथील तीन संशोधक गटांनी हजारो लोकांच्या जनुकांची तुलना केली, तेव्हा पंधराव्या गुणसूत्रावरील एकाच भागाकडे तिघांचेही बोट वळले. मेंदूतील पेशींवर निकोटिन जेथे जाऊन बसते, त्या स्थानांची घडण ठरविणारी जनुके या भागात आहेत. तेथील एक विशिष्ट फरक आईकडून किंवा वडिलांकडून आला असेल, तर फुप्फुसाच्या कर्करोगाची जोखीम सुमारे ३० टक्क्यांनी आणि दोघांकडूनही आला असेल तर सुमारे ८० टक्क्यांनी अधिक दिसली. आइसलँडच्या संशोधकांचे म्हणणे असे पडले की, हा फरक असलेला माणूस धूम्रपान करू लागला तर त्याला निकोटिनची ओढ अधिक लागते, म्हणून तो अधिक धूर घेतो. इतरांना त्यात फुप्फुसावरील थेट परिणामही दिसला. पुढील अभ्यासांत शरीरात प्रत्यक्ष किती निकोटिन गेले याचे मोजमाप झाले, तेव्हा पहिल्या वाटेचे महत्त्व अधिक स्पष्ट झाले. म्हणजे अनुवंश येथे बराचसा काम करतो तो धुराच्याच हातून.

आता या आकड्यांचे प्रमाण पाहू. सिगारेट ओढणाऱ्याची जोखीम न ओढणाऱ्याच्या पंधरा ते तीसपट मानली जाते. वरील आनुवंशिक फरकाने ती दुप्पटही होत नाही. शिवाय ‘इतके टक्के अधिक’ असे म्हणताना ते कशाच्या अधिक, हे विचारण्याची सवय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला असली पाहिजे. समजा, धूम्रपान न करणाऱ्या हजार लोकांपैकी पाच जणांना आयुष्यात हा रोग होतो आणि करणाऱ्या हजारांपैकी शंभरांना. पहिल्या गटात ८० टक्क्यांची वाढ झाली तर पाचाचे नऊ होतील; दुसऱ्या गटात शंभराचे एकशे ऐंशी. आनुवंशिक फरक तोच, पण एका ठिकाणी त्याची किंमत चार माणसे आणि दुसऱ्या ठिकाणी ऐंशी. म्हणूनच ‘आमच्या घराण्यातच आहे’ हे ज्याला खरे वाटते, त्याने बिडी इतरांच्या आधी सोडली पाहिजे. आणि बिडी ओढूनही दीर्घायुषी झालेल्या आजोबांबद्दल एवढेच म्हणावे की, त्यांच्याबरोबर बिडी ओढणारे जे पन्नाशीतच गेले, ते आपली साक्ष द्यायला चावडीवर येऊ शकत नाहीत.

घराण्याचा वाटा मुळीच नाही असेही नव्हे. आई-वडील किंवा सख्खी भावंडे यांपैकी कोणाला हा रोग झाला असेल, तर जोखीम सुमारे दीडपट होते असे अनेक देशांतील पाहण्या सांगतात. मात्र एका घरात माणसे रक्ताबरोबर चूलही वाटून घेतात आणि वडिलांच्या बिडीचा धूरही. एखाद्या जनुकातील जन्मजात दोषामुळे पिढ्यान्पिढ्या हा रोग होणारी कुटुंबे आहेत, पण ती विरळा.

येथे एका गैरसमजाचा खुलासा करणे अगत्याचे आहे. रुग्णाच्या गाठीचा तुकडा तपासून डॉक्टर ‘जनुकीय बदल आढळला’ असा अहवाल देतात, तेव्हा नातेवाईक मुलाबाळांच्या चिंतेने हादरून जातात. हा बदल बहुधा त्या गाठीतील पेशींत, आयुष्याच्या ओघात झालेला असतो. तो वारशाने आलेला नसतो आणि मुलांकडे जातही नाही. उलट, त्यांपैकी काही बदलांवर गोळ्यांचे उपचार उपलब्ध असल्याने तो अहवाल रुग्णाच्या उपयोगाचाच असतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी केवळ ३.८ टक्के लोक धूम्रपान करीत होते; आपला प्रांत ओढण्यापेक्षा चघळण्याकडे अधिक झुकलेला आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीत तर फुप्फुसाच्या कर्करोगाचे निम्म्याच्या आसपास रुग्ण धूम्रपान न करणारे होते. मग या लोकांचा रोग रक्तातून आला काय? काही अंशी असेल. आशियातील धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात २०१२ मध्ये काही आनुवंशिक फरक आढळले. पण त्यांपैकी प्रत्येकाचा परिणाम अल्प आहे. बिडी न ओढणाऱ्याच्या छातीत धूर जात नाही, हे गृहीतच मुळी चुकीचे आहे. चुलीचा धूर आहे, घरातील दुसऱ्याच्या बिडीचा आहे, रस्त्यावरील वाहनांचा आहे. बाहेरील हवेच्या प्रदूषणाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरविले आहे.

या बाबतीत मुंबईचेच एक उदाहरण उद्बोधक आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी १९४९ मध्ये मुंबईतील सहा समाजगटांच्या आनुवंशिक गुणांची मोजणी प्रसिद्ध केली. अनुवंशाचे महत्त्व त्यांना कोणी सांगायला नको होते. त्याच दोघांनी राव या सहकाऱ्यासह १९५५ मध्ये मुख, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा शोध घेतला, तेव्हा रुग्णांना त्यांनी विचारले ते तंबाखू खाण्या-ओढण्याबद्दल. रक्ताचा अभ्यास करणाऱ्यांनी व्यसनाकडे डोळेझाक केली नाही. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ पासून संशोधकांना खुली झाली आहे. आजवरचे बहुतेक आनुवंशिक संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले असल्याने हे काम अवश्य व्हावे. पण तेही याच दृष्टीने व्हावे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याने ही दृष्टी अलीकडेच अनुभवली आहे. २०२५ च्या आरंभी शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा ‘त्यांच्या रक्तातच दोष आहे’ असे म्हणून कोणी स्वस्थ बसले नाही. पाणी तपासले गेले, धान्याची चर्चा झाली, दिल्लीहून पथके आली. संकट एकदम अनेकांवर आले म्हणून आपण कारण बाहेर शोधले. फुप्फुसाचा कर्करोग मात्र माणसे एकेकटी उचलून नेतो. रुग्ण मलकापूर किंवा शेगावला गाडीत बसून मुंबईला जातो, घरची दोन एकर जमीन गहाण पडते, आणि गाव त्याला नशीब म्हणते.

रोगाला नशीब म्हणण्यात शासनाचीही सोय असते. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने बिडीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. बिडी वळणाऱ्या हातांच्या रोजगाराचा प्रश्न खरा आहे. पण त्या हातांना पर्यायी काम देण्याऐवजी बिडी स्वस्त ठेवणे म्हणजे एका गरिबाचा पोटाचा प्रश्न दुसऱ्या गरिबाच्या फुप्फुसावर टाकणे होय. विम्याच्या क्षेत्रातही हा धोका दिसला आहे. आनुवंशिक विकाराचे नाव सांगून विम्याचे दावे सरसकट नाकारण्याची तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भेदभावकारक ठरविली, ती यासाठीच की जन्माने आलेल्या गोष्टीचा दंड कोणाला भरावा लागू नये.

आपण कोणत्या आई-बापांच्या पोटी यावे हे कोणाच्या हाती नसते, आणि जनुकांवर कर बसविता येत नाही. बिडीवर तो बसविता येतो, चुलीच्या जागी गॅस आणून तो भरून घेण्याची ऐपत कुटुंबाला देता येते, आणि तीन आठवडे न थांबणाऱ्या खोकल्यासाठी तालुक्याच्या गावी छातीचे चित्र काढण्याची सोय करता येते. अनुवंशाचे ज्ञान जसजसे वाढेल, तसतसे कोणाचे रक्षण आधी करावे हे आपल्याला अधिक कळेल. त्या ज्ञानाचा एवढाच उपयोग न्याय्य आहे. धुराचे अपराध रक्ताच्या खात्यावर मांडण्यासाठी ते वापरले गेले, तर सत्तर वर्षांपूर्वी तंबाखूच्या व्यापाऱ्यांना जे साधले नाही, ते आपण आपल्या हाताने साधून दिल्यासारखे होईल.