कवळी टोचते, पण योजनेत बसत नाही

सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, त्यात हृदय आले, गुडघे आले. पण ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे आणि कवळीसाठी कोणी दाखल होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साठीपुढील सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही.

दात पडला की मुळाला धरून असलेले हाड झिजू लागते. पहिल्या वर्षी सर्वाधिक, पुढे हळूहळू, पण आयुष्यभर. खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतो, म्हणून खालचीच कवळी आधी सैल होते. हनुवटी आणि ओठाकडे जाणारी नस एरवी हाडाच्या बाजूला सुरक्षित असते. हाड खचले की ती जवळजवळ माथ्यावर येते आणि कवळीचा दाब थेट तिच्यावर पडतो. प्रत्येक घासाला कळ उठते. त्यात वयाने हिरडीवरचे आवरण पातळ झालेले असते आणि रक्तदाबासारख्या आजारांवरच्या काही गोळ्यांनी लाळही आटते. आजी कवळी काढून वरण-भात कालवून खाते, तेव्हा घरचे म्हणतात, ‘सवय करून घेत नाही.’ हे अन्यायाचे आहे.

उलटही घडते. उरलेल्या दातांतील नसेची पोकळी वयानुसार अरुंद होते, त्यामुळे कीड खोल गेली तरी ठणका लागत नाही. कवळीखालचा बुरशीचा संसर्गही बरेचदा दुखत नाही. तोंडाच्या कर्करोगाची जखम सुरुवातीला दुखत नाही, हे मिसरी लावणाऱ्यांच्या घरात विशेष लक्षात ठेवावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, दुखो वा न दुखो, दाखवायलाच हवी.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कवळी कमी खर्चात होते. मात्र माप, चावा, चाचणी, बसवणे आणि नंतर टोचणारी जागा घासून घेणे, यासाठी चार-पाच खेपा लागतात. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी २०२२ पासून मोफत आहे. पण गडचिरोलीच्या आजोबांसाठी नागपूरची एक खेप म्हणजे अख्खा दिवस, आणि सोबत येणाऱ्याची एक बुडालेली मजुरी.