विश्लेषण : बुधाच्या पोटातील वीज सूर्याचा मारा कशी अडवते?

इंडक्शन शेगडीवर तवा तापतो, कारण बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत वीज खेळू लागते. हाच नियम सूर्याला सर्वांत जवळच्या बुध ग्रहाच्या पोटातही काम करतो. तिथे मात्र या विजेमुळे ग्रहाचे कवच टिकायला मदत होते.

कवच किती तोकडे?
१९७४ मध्ये नासाचे मरिनर-१० यान बुधाजवळून गेले आणि या छोट्या ग्रहालाही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असल्याचे दिसले. ते पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का आहे. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांचा झोत, म्हणजे सौरवारा, पृथ्वीपासून साधारण ६० हजार किलोमीटरवर अडतो. बुधापासून अवघ्या हजारेक किलोमीटरवर.

गाभा काय करतो?
बुधाची त्रिज्या २,४४० किलोमीटर. त्यातला २,००० किलोमीटरहून अधिक भाग लोहयुक्त गाभ्याचा. सौरवाऱ्याचा दाब वाढला की कवच आत दबते आणि चुंबकीय क्षेत्र बदलते. त्याबरोबर गाभ्याच्या पृष्ठभागावर प्रवर्तित विद्युतधारा वाहू लागते. लेंझच्या नियमानुसार ती मूळ बदलाला विरोध करते, म्हणजेच कवचाला बाहेर रेटते. दुसरीकडे, सौरवाऱ्याच्या चुंबकीय रेषा बुधाच्या रेषांशी जोडल्या जाऊन कवच सोलवटून काढतात. ही रस्सीखेच सतत सुरू असते.

हे कळले कसे?
८८ दिवसांच्या प्रदक्षिणेत बुध सूर्यापासून कधी ४.६ कोटी, तर कधी ७ कोटी किलोमीटरवर असतो. त्यानुसार कवच आक्रसते, फुगते आणि गाभा प्रतिसाद देतो. नासाच्या मेसेंजर यानाने २०११ ते २०१५ या काळात केलेल्या नोंदींत हा प्रतिसाद सापडला. त्यावरून काढलेला गाभ्याचा आकार गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीशी जवळपास जुळला. एक खड्डाही न खणता ग्रहाचे पोट मोजता आले!

पुढे काय?
मेसेंजर एकटेच होते. ते कवचाच्या आत असताना बाहेर सौरवारा किती जोरात आहे, हे थेट मोजायला कुणी नव्हते. युरोप आणि जपानच्या बेपीकोलंबो मोहिमेत दोन याने आहेत. ती नोव्हेंबर २०२६ मध्ये बुधाच्या कक्षेत पोहोचणे अपेक्षित आहे. एक आत आणि दुसरे बाहेर असताना धक्का व प्रतिसाद एकाच वेळी टिपता येतील. दोन यानांचा खर्च कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. छोट्या खडकाळ ग्रहाचा बचाव किती त्याच्या क्षेत्राचा आणि किती गाभ्याचा, हा हिशेब एका यानाने सुटणारा नाही.