ऐकल्याची पोच

समुद्रावर जाताना माणसे काय काय बरोबर नेतात! कुणी पत्त्यांचे दोन जोड नेतो, कुणी चिवड्याचा डबा नेतो, कुणी वर्षभर न वाचलेली कादंबरी नेतो आणि न वाचताच परत आणतो. मी रेडिओ नेतो. गेल्या दिवाळीत गुहागरला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत एक छोटा संच, दहा मीटर तांब्याची तार आणि एक वही, एवढाच ऐवज होता. बाकीचे सामान सौभाग्यवतींच्या खात्यावर.

“समुद्राचा आवाज पुरत नाही वाटतं?” एस. टी. त बसल्या बसल्या तिने विचारले.

प्रश्न रास्त होता. पण वाचकहो, दूरची केंद्रे ऐकायला समुद्रकिनाऱ्यासारखी दुसरी जागा नाही. मध्यमलहरी जमिनीवरून जाताना लवकर थकतात. खारे पाणी विजेचे चांगले वाहक, म्हणून पाण्यावरून त्या कितीतरी लांब जातात. त्यात रात्र पडली की सोन्याला सुगंध! सूर्याच्या प्रकाशाने साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर विद्युत्भारित कणांचा एक थर तयार होतो आणि तो दिवसभर या लहरी गिळत बसतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग लहरी त्याहून वरच्या थरापर्यंत पोचतात आणि आरशावरून कवडसा परतावा तशा खाली येतात. वरच्या थराचे अस्तित्व अॅपल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ साली प्रयोगाने दाखवून दिले. त्याला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरी गोष्ट शांततेची. शहरातल्या आमच्या घरात एल. ई. डी. दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि जिन्याशेजारची लिफ्ट ही मंडळी मिळून रेडिओत अशी खरखर करतात की कढईत जिरे तडतडावे. गुहागरला आम्ही नारळी-पोफळीच्या वाडीतल्या एका घरी उतरलो होतो. दुसऱ्या रात्री तिथली वीज गेली. सारे हळहळले; मी मात्र मनातल्या मनात पेढे वाटले. दोन माडांच्या मध्ये मी तार बांधली होती. सौभाग्यवतींनी तिच्यावर आधीच दोन टॉवेल वाळत घातले होते. ते काढून ओसरीवर बसलो आणि काटा हळूहळू सरकवू लागलो.

माझ्या पिढीला हा नाद लावला तो रेडिओ सिलोनने. १९५२ साली नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर चित्रपटगीतांना आवर बसला आणि त्याच साली कोलंबोहून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे बुधवारी रात्री आठ वाजता घरोघर अमीन सायानींचा आवाज घुमे. तोही कधी मोठा होई, कधी विरून जाई. आणि नेमके पहिल्या क्रमांकाचे गाणे लागायच्या वेळी विरून जाई! वडील म्हणत, “थांबा, येईल परत.” आणि तो येई. थांबले की येते, हा धडा शाळेत कुणी दिला नव्हता.

त्या रात्री गुहागरला एका अरबी केंद्राचे गाणे स्वच्छ लागले. संच फिरवून पाहिला. आतली फेराइटची कांडी केंद्राकडे रोखली गेली की आवाज सर्वांत क्षीण होतो. कांडी समुद्राकडे, पश्चिमेच्या किंचित उजवीकडे रोखलेली. त्या बाजूला दीड हजार किलोमीटरांहून लांब मस्कत आहे आणि मध्ये सारे पाणीच पाणी.

घरच्या काकू कंदील ठेवायला आल्या, त्या उभ्याच राहिल्या.

“अरबी ना हो हे?”

“हो. काकू, तुम्हाला कळतं?”

“कळतं कसलं! हे बोटीवर होते. बसऱ्याहून पत्र यायला महिना लागायचा. मग रात्री मी रेडिओवर असलंच काहीतरी लावून बसायची. म्हटलं, ते आहेत तिकडचा वारा तरी कानाला लागतोय.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “त्या लोकांना कुठे ठाऊक, इकडे कोणी ऐकतंय म्हणून! तुम्ही कळवा की त्यांना.”

कळवण्याची रीत आहे, आणि ती जुनी आहे. तारीख, ग्रीनिचची वेळ, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा, लहरींची संख्या आणि काय ऐकले त्याचा तपशील लिहायचा. मग आवाजाचे बळ, दुसऱ्या केंद्रांचा अडथळा, खरखर, चढउतार आणि एकूण दर्जा यांना पाचपैकी गुण द्यायचे. केंद्राला सवड झाली तर ते एक चित्रमय कार्ड पाठवते. त्याला ‘क्यू. एस. एल.’ म्हणतात. तारायंत्राच्या जुन्या सांकेतिक भाषेत त्याचा अर्थ एवढाच: पोच देतो.

चिरंजीवांचे म्हणणे, “बाबा, ही सगळी केंद्रं फोनवर मिळतात.” काही मिळतात, खरे आहे. पण फोनवर ऐकणाऱ्याची नोंद आपोआप होते. हवेतून ऐकणाऱ्याची होत नाही. त्याने सांगितले तरच तो आहे. रेडिओ ऑस्ट्रेलियाच्या लघुलहरी २०१७ च्या जानेवारीत थांबल्या. बीबीसीच्या हिंदी सेवेच्या २०२० च्या जानेवारीत थांबल्या. कारणे पैशाची असतात, बदलत्या काळाची असतात; एका पत्राने केंद्र वाचत नाही, हे मलाही समजते. तरी रात्रीच्या वेळी यंत्रापुढे बसून अंधारात बोलणाऱ्या माणसाला ‘पोचले’ म्हणणारे कुणी असावे.

तासाच्या ठोक्याला त्या केंद्राने आपले नाव सांगितले. तेवढाच एक शब्द मला कळला, तो वहीत उतरवला. अहवालात श्रोत्यांची संख्या मी दोन लिहिली आणि काकूंच्या नावापुढे एक ओळ घातली: या बाई आपल्या बाजूचे आवाज फार वर्षांपासून ऐकत आल्या आहेत.

कार्ड अजून आलेले नाही. काकूंचा मात्र मधूनमधून फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, “आलं का हो काही?” मी आमच्या वडिलांचेच उत्तर देतो.