आयुष्य लाभलेल्यांचे हृदय

सन 2004 च्या 1 एप्रिलपासून केंद्र सरकारने देशातील आठ सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरची औषधे विनामूल्य द्यावयास आरंभ केला आणि त्या आठांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा अंतर्भाव होता, ही गोष्ट आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात अभिमानाने नोंदवावी अशीच आहे. त्या काळी तिशीत असलेली आणि आप्तेष्टांनीही ज्यांची आशा सोडली होती अशी जी माणसे औषधाच्या खिडकीवर उभी राहिली, त्यांतील पुष्कळजण आज पन्नाशीच्या घरात आहेत. त्यांची मुले हाताशी आली आहेत, आणि त्यांच्या रक्तात तो विषाणू आता तपासणीला सापडेनासा झाला आहे. परंतु दप्तरात ‘विषाणू दबला’ अशी नोंद झाली की इलाज सफल झाला असे मानण्याचा जो शिरस्ता पडला आहे, त्याविरुद्ध मला आज तक्रार मांडावयाची आहे; कारण विषाणू दबलेल्या याच माणसांना हृदयविकाराचा धोका समवयस्क इतरांहून जवळजवळ दुप्पट असतो.

याचे कारण केवळ तंबाखूत, जेवणात वा वयात शोधून भागणार नाही. एचआयव्हीचा पहिला मोठा घाला आतड्याच्या अस्तरातील संरक्षक पेशींवर पडतो. ते अस्तर एकदा विरळ झाले की जंतूंचे अंश रक्तात झिरपू लागतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती अहोरात्र सज्ज राहून आत दाह चालू ठेवते. गोळ्यांनी विषाणूची वाढ थांबते, पण वरून विझलेली आगटी आत धुमसत राहावी तसा हा दाह पुष्कळ वर्षे टिकतो. तो रोहिणीच्या अंतस्त्वचेला इजा करतो, तेथे चरबीचे मऊ थर साचवतो, आणि असा मऊ थर अवचित फुटून रक्ताची गुठळी होणे यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

मग औषधेच कमी घ्यावीत काय? हा प्रश्न एके काळी विद्वानांनाही पडला होता. शरीरातील संरक्षक पेशींची संख्या चांगली असेपर्यंत गोळ्यांना विश्रांती द्यावी, म्हणजे त्यांचे दुष्परिणामही टळतील, असा तर्क करून ‘स्मार्ट’ नावाचा एक मोठा प्रयोग तेहतीस देशांतील 5,472 रुग्णांवर करण्यात आला. त्याचा निकाल 2006 साली प्रसिद्ध झाला तो तर्काच्या नेमका उलट होता: ज्यांची औषधे मधूनमधून थांबवली त्यांच्यात मृत्यू तर वाढलेच, पण हृदय, मूत्रपिंड व यकृत यांचे गंभीर विकारही वाढले. हृदयाच्या भीतीने एचआयव्हीच्या गोळ्या सोडण्याचा विचार ज्याच्या मनात येत असेल, त्याने एवढी एक हकीकत पक्की ध्यानात ठेवावी.

तथापि औषधे निर्दोष होती असे नव्हे. प्रारंभीच्या स्वस्त मिश्रणांत स्टॅव्ह्यूडिन असे. त्याने सहस्रावधी प्राण वाचवले आणि त्याच हाताने गाल आत ओढले, हातापायांवरचे मांस उतरवून शिरा वर आणल्या, आणि ज्यांना आपला आजार गुप्त ठेवावयाचा होता त्यांच्या मुद्रेवरच तो लिहून ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. आज सरकारी एचआयव्ही उपचार केंद्रांतून जी एकच गोळी रोज घ्यावयाची असते, तीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डॉल्युटेग्रॅव्हिर ही तीन द्रव्ये असतात. विषाणूवर ती फार प्रभावी आणि सोसावयास सोपी आहे, पण ती सुरू केल्यावर अनेकांचे वजन वाढते. जोहान्सबर्ग येथील ‘अ‍ॅडव्हान्स’ प्रयोगात ही वाढ स्त्रियांत विशेष दिसली. टेनोफोव्हिरच्या नव्या रूपाबरोबर डॉल्युटेग्रॅव्हिर घेणाऱ्या स्त्रियांत तर ती वर्षभरात सरासरी सहा किलोंच्या घरात गेली. आपल्याकडील गोळीत टेनोफोव्हिरचे जुने रूप असते व त्याने वाढ कमी होते, हे खरे. पण ती होत नाही असे नाही.

येथे मला एका अवघड गोष्टीशी थांबावेसे वाटते. ज्या रोगात माणूस डोळ्यांदेखत सुकत जाई, त्या रोगातून उठलेल्या बाईने अंग धरले की घरात समाधान पसरते, शेजारीण कौतुक करते, आणि तिची वर्षानुवर्षे काळजी वाहिलेला समुपदेशकही वजनाचा वाढता आकडा आनंदाने लिहून घेतो. तो आनंद खरा आहे, आणि पहिले काही किलो हे पुष्कळदा आरोग्याचेच परत आलेले देणे असते. परंतु त्यापुढची वाढ पोटाच्या घेरात उतरते, रक्तातील साखर चढू लागते, आणि ‘आता पुरे’ असे त्या बाईला सांगण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. ते सांगणे हे वैद्यकाचे कर्तव्य आहे. मात्र तिच्या भूतकाळाचा मान राखून ते सांगितले पाहिजे.

आता आशेची गोष्ट. 2023 साली ‘रिप्रीव्ह’ या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बारा देशांतील, त्यांत भारतही होता, चाळीस ते पंचाहत्तर वयाच्या 7,769 एचआयव्हीबाधितांना, ज्यांचा हृदयविकाराचा धोका रूढ गणिताप्रमाणे थोडा वा मध्यमच ठरत होता, पिटाव्हास्टॅटिन हे रक्तातील चरबी उतरवणारे ‘स्टॅटिन’ वर्गातील औषध अथवा औषधविरहित गोळी दररोज देण्यात आली. आणि पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या मोठ्या दुर्घटना 35 टक्क्यांनी कमी झाल्या. दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे सात घटना होत्या त्या पाचांवर आल्या. मधुमेह मात्र किंचित वाढला, हेही सांगितले पाहिजे. ज्या धोक्याला गणिताने ‘थोडा’ म्हटले तो या माणसांत तितका थोडा नव्हता, असाच याचा अर्थ मी घेतो.

हे ज्ञान आपल्या केंद्रांत उतरावयाचे तर कसे? रक्तदाब व साखर तपासण्याचा उल्लेख मार्गदर्शक सूचनांत आहे. परंतु माझे म्हणणे असे की या तपासण्या आणि त्यांवरून ठरणारा इलाज ही दोन्ही, एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्याच खिडकीशी व्हावीत, रुग्णाला चिठ्ठी देऊन दुसऱ्या विभागात धाडू नये. याचे कारण रुग्णाच्या गुप्ततेत आहे. 2017 च्या एचआयव्हीविषयक कायद्याने, जो 10 सप्टेंबर 2018 पासून अंमलात आला, संमतीवाचून कोणाचाही आजार उघड करण्यास मनाई केली आहे. पण तालुक्याच्या गावी जेथे औषधवाला, परिचारिका आणि रांगेतला मनुष्य सारे ओळखीचे, तेथे कायदा हाताशी असूनही माणूस आपल्या गोळ्या दुसऱ्या डॉक्टरपासून लपवतो. या लपवण्यातून जीवघेण्या चुका होतात. एचआयव्हीवरची रिटोनाव्हिरयुक्त औषधे घेणाऱ्याला अजाणता सिमव्हास्टॅटिन हे दुसरे स्टॅटिन दिले तर ते रक्तात अनेक पटींनी साचून स्नायूंचा नाश करू शकते. डॉल्युटेग्रॅव्हिरमुळे मधुमेहावरील मेटफॉर्मिन या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून मेटफॉर्मिनची दैनिक मात्रा बहुधा हजार मिलिग्रॅमच्या आत ठेवावी लागते. रुग्णाच्या साऱ्या औषधांची नावे एकाच वहीत असतील तरच हे धोके कोणाच्या ध्यानात येतील. रुग्ण त्या केंद्रात नेमाने येतोच. रक्तदाबाचे यंत्र, कमरेच्या मापाची फीत, साखरेची पट्टी आणि स्टॅटिनची गोळी यांची तरतूद तेथेच व्हावी, आणि केंद्राच्या अहवालात ‘विषाणू दबला’ या रकान्याशेजारी ‘रक्तदाब आटोक्यात’ हा रकाना असावा, एवढी मागणी महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याकडे मी करतो.