घासाआधीचा वास

शिकागोच्या ‘अलिनिया’ या रेस्टॉरंटमध्ये एकेकाळी ताट उशीवर ठेवून वाढले जाई. ताटाच्या भाराने उशी हळूहळू दबे आणि तिच्यात भरलेली सुगंधी हवा जेवणाऱ्याच्या नाकाशी येई. इंग्लंडमधील ब्रे गावच्या ‘फॅट डक’मध्ये हेस्टन ब्लुमेन्थल यांनी ओक वृक्षावरील शेवाळाचा वास धुक्यासारखा टेबलावर पसरवला. हे पाककौशल्य आहे की महागडा तमाशा, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर देण्याआधी जेवताना नाक काय काम करते, ते पाहायला हवे.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे मांसरसासारखी चव, एवढ्याच मुख्य चवी कळतात. आंबा आणि पेरू यांतला फरक सांगण्याचे बरेचसे काम नाक करते. घास चावताना सुटलेले गंधकण घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतात. याला ‘रेट्रोनेझल’, म्हणजे मागच्या वाटेने येणारा, वास म्हणतात. नाक चिमटीत धरून संत्र्याची गोळी चघळली, तर फक्त गोड-आंबट कळते. चिमटी सोडताच संत्रे ओळखू येते.

म्हणजे वासाच्या वाटा दोन आहेत. एक समोरून, घास तोंडात जाण्याआधीची. दुसरी मागून, घास चावतानाची. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी 1982 साली हे दुहेरी स्वरूप ठळकपणे मांडले. उशी किंवा धुके पहिल्या वाटेवर काम करते, पण त्याचा परिणाम दुसऱ्या वाटेवरच्या चवीवर व्हावा, अशी रचनाकाराची अपेक्षा असते.

हा परिणाम शिकलेल्या नात्यांवर अवलंबून असतो. व्हॅनिलाच्या वासात गोडवा नसतो, तरी तो वास आला की पदार्थ अधिक गोड वाटू शकतो. कारण तो वास आणि साखर आपण वर्षानुवर्षे एकत्र अनुभवलेली असतात. मराठी घरात वेलदोडा श्रीखंडाची आठवण देतो. आखाती देशांत मात्र तो बिनसाखरेच्या कॉफीत पडतो. त्यामुळे सगळ्यांना सारखा लागू पडणारा वास तयार करणे कठीण आहे. समोर कोण जेवायला बसले आहे, हे रचनाकाराला माहीत असावे लागते.

दुसरी अडचण सवयीची. एकच वास सतत येत राहिला, तर काही मिनिटांतच नाक त्याची दखल घेईनासे होते. मरिनेत्ती या इटालियन कवीने 1930 साली ‘भविष्यवादी पाककले’चा जाहीरनामा काढला. प्रत्येक पदार्थाआधी एक सुगंध यावा आणि विजेच्या पंख्यांनी तो लगेच घालवावा, अशी त्यात सूचना होती. बाकी बराचसा जाहीरनामा धक्का देण्यासाठी असला, तरी हे निरीक्षण अचूक होते. वास आणण्याइतकेच तो वेळेवर घालवणे महत्त्वाचे असते. ‘स्मेल-ओ-व्हिजन’ नावाने 1960 साली चित्रपटगृहात वास सोडण्याचा प्रयोग झाला, तेव्हा वास आणि दृश्य यांचा मेळ नीट बसला नाही आणि तो प्रयोग टिकला नाही.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. टेबलावरचे धुके बहुधा कोरड्या बर्फाचे, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे असते. त्याचे तापमान उणे 78 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यावर गरम सुगंधी पाणी ओतले की धुक्याबरोबर वासही पसरतो. बर्फ ताटाबाहेर आणि जागा हवेशीर असेल, तर धोका कमी राहतो. मात्र 2024 साली गुरुग्राममधील एका रेस्टॉरंटमध्ये मुखवास म्हणून कोरडा बर्फ दिला गेला आणि तो खाणाऱ्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या. अशा सुगंधी खेळात वापरलेल्या साहित्याची माहिती वाढणाऱ्यालाही असली पाहिजे.

या खेळाला उपयोगाची बाजूही आहे. वयाबरोबर गंधज्ञान मंदावते आणि जेवणावरची वासना कमी होऊ शकते. कोविडनंतर वास गेलेल्या अनेकांनी जेवण बेचव झाल्याचे सांगितले. बाटलीच्या तोंडाशी सुगंधी कडे बसवून साध्या पाण्याला फळाची चव आल्याचा भास देणारी जर्मन बाटली तर बाजारातही आली आहे. साखर न घालता चव वाढवण्याचा हा मार्ग गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

मग तमाशा कोणता आणि पाककला कोणती? कोकण-गोव्यातल्या पातोळ्या इथे कसोटी पुरवतात. तांदळाच्या पिठाचा लेप आणि गूळ-खोबऱ्याचे सारण हळदीच्या पानात उकडतात. पान खायचे नसते, पण ते उलगडताच वाफेबरोबर येणारा वास आतल्या घासातही मुरलेला असतो. हीच पातोळी वाटीत उकडली, तर पोट भरेल, पण पदार्थ उणा वाटेल. रेस्टॉरंटमधल्या प्रत्येक सुगंधी करामतीला हाच प्रश्न विचारावा: वास काढून घेतला, तर घासात काही कमी होते का? होत असेल, तर तो वास पदार्थाचा घटक आहे आणि त्याचे दाम देण्यात गैर नाही. होत नसेल, तर बिलात सजावटीचे पैसे लावले आहेत, एवढे ग्राहकाला ठाऊक असावे.