खांब महावितरणचा, दिवा पंचायतीचा, मग केबल कुणाची?

गावठाणातल्या कुठल्याही चौकात खांबाकडे मान वर करून बघा. विजेच्या तारा चार-पाच आणि त्याखाली केबल आठ-दहा. काळ्या वायरींच्या गुंडाळ्या, पत्र्याच्या पट्टीने आवळलेले डबे, कधीच बंद पडलेल्या केबल टीव्हीची लोंबती वायर. ही कुणाची म्हणून विचारलं तर ग्रामसेवक महावितरणकडे बोट दाखवतात, वायरमन केबलवाल्याकडे आणि केबलवाला म्हणतो, वरची कंपनी बघते.

नियम नाहीत म्हणून हे चाललंय, असं अजिबात नाही. केंद्र सरकारने 2016 मध्ये ‘राइट ऑफ वे’चे, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांना वाट आणि जागा देण्याचे नियम केले. ऑगस्ट 2022 मध्ये 5जी तोंडावर असताना त्यात दुरुस्ती झाली आणि विजेचे खांब, पथदिव्यांचे खांब, बसथांबे असल्या गोष्टींवर लहान अँटेना आणि केबल बसवायचा दर ठरला. लहान अँटेनाला एका खांबामागे वर्षाला शहरात 300 रुपये, ग्रामीण भागात 150. नुसती केबल न्यायची तर खांबाला वर्षाला 100 रुपये. पुढे दूरसंचार कायदा 2023 आला आणि त्याखालचे ‘राइट ऑफ वे’ नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले. खांब सरकारचा असो, नगरपंचायतीचा असो की महावितरणसारख्या सरकारी कंपनीचा, ज्याच्या ताब्यात तो आहे त्याच्याकडे अर्ज करायचा आणि त्याने मुदतीत निकाल द्यायचा, अशी ही रचना आहे. मुदतीत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. अर्जासाठी 2022 पासून गतिशक्ती संचार नावाचं पोर्टलही आहे.

आता गोम अशी, की ही सगळी रचना अर्ज करणाऱ्यासाठी आहे. अर्ज आला तर मुदत सुरू होणार, दर लागणार, नोंद राहणार. गावात मात्र शिडी लावली, पट्टी आवळली, वायर ओढली की काम संपतं. कायद्याने हा हक्क परवानाधारक कंपनीचा. प्रत्यक्षात वायर ओढतो तो त्या कंपनीचा गावातला भागीदार, म्हणजे आपलाच एखादा होतकरू पोरगा. त्याच्या हातात ना अर्जाची प्रत असते, ना कुठल्या खांबाचा नंबर.

यात बुडतं कुणाचं? बरेच लोक म्हणतील ग्रामपंचायतीचं. तसं पूर्ण खरं नाही. गावातले बहुतेक खांब महावितरणचे आहेत. पंचायतीचा त्यावर फक्त दिवा. तेव्हा भाडं महावितरणचं. नगरपंचायतीने रस्ता रुंद करताना स्वतःच्या पैशाने जे दिव्यांचे खांब रोवले, त्यांचं भाडं मात्र तिचं. आणि केबल-अँटेनांवर घरपट्टीसारखा कर बसवू, असं ज्या पंचायतींच्या डोक्यात असेल त्यांनी 2023 च्या कायद्याचं कलम 14 आधी वाचावं. टेलिकॉमचं जाळं हे ज्या मालमत्तेवर बसलंय तिचा भाग मानायचं नाही, मालमत्ता करासाठीही नाही, असं त्यात लिहिलेलं आहे.

पण महावितरणचं भाडं म्हणजे आपला काय संबंध, असंही नाही. वीज कायदा 2003 चं कलम 51 सांगतं, की वितरण कंपनीने आपल्या मालमत्तेतून दुसरा धंदा केला तर त्या उत्पन्नाचा आयोगाने ठरवलेला हिस्सा वहन आकार कमी करायला वापरायचा. वीजबिलावर ‘वहन आकार’ ही ओळ प्रत्येकाने बघितलेली असते. समजा एका गावात 200 खांबांवरून एका कंपनीची केबल गेली, तर 2022 च्या दराने वर्षाचे 20 हजार झाले. अशा तीन कंपन्या असतील तर 60 हजार. गावं किती ते ज्याने त्याने मोजावं. रक्कम महावितरणच्या तोट्यापुढे किरकोळच आहे, पण शेतकऱ्याची थकबाकी जेवढ्या काटेकोर मोजली जाते तेवढ्या काटेकोर खांबावरच्या वायरी का मोजल्या जात नाहीत, हा प्रश्न राहतोच.

पैशापेक्षा मोठी गोष्ट जिवाची. लघुदाबाचा साधा खांब 8 मीटरचा, त्यातला दीडेक मीटर जमिनीत. वर उरला साडेसहा मीटर. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार जमिनीपासून किमान 5.8 मीटर हवी, असं वीज सुरक्षा नियम सांगतात. म्हणजे साधारण 19 फूट. विजेच्या तारेलाच इथवर यायची मुभा असेल तर तिच्याखाली झोळ पडलेल्या केबलला जागा उरते कुठे? गळीत हंगामात उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या आणि कडब्याच्या गाड्या याच रस्त्याने जातात. ट्रॉली केबलमध्ये अडकली की ती एकटी तुटत नाही, खांबालाच हिसका बसतो.

“फायबर काचेचं असतं, करंट येत नाही” हे केबलवाल्याचं ठरलेलं उत्तर. काचेपुरतं ते बरोबर आहे. पण केबलला ताण सहन व्हावा म्हणून सोबत बऱ्याचदा पोलादी तार असते. वरची विजेची तार तुटून तिच्यावर पडली तर पुढच्या दहा घरांच्या खिडकीपर्यंत करंट न्यायला ती पोलादी तार पुरेशी आहे. शिवाय वायरमनला चढायला पाय ठेवायची जागा उरत नाही. फीडर बंद ठेवून पावसात काम करणाऱ्या माणसाला आधी केबलच्या गुंडाळ्या बाजूला साराव्या लागतात.

दुसरं टोक हैदराबादने बघितलं. ऑगस्ट 2025 मध्ये रामंतापूर भागात गोकुळाष्टमीच्या मिरवणुकीत विजेचा धक्का बसून पाच जण गेले. त्यानंतर वीज कंपनीने खांबांवरच्या केबल सरसकट कापायला घेतल्या. हजारो घरांचं इंटरनेट गेलं आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. आपल्याकडे असं झालं तर ई-पीक पाहणी, महाडीबीटीचे अर्ज, पोरांचे ऑनलाइन क्लास, सगळं एका कात्रीत बंद पडेल. उलट केरळात सरकारच्या ‘केफॉन’ या इंटरनेट कंपनीत वीज मंडळच 49 टक्क्यांचं भागीदार आहे आणि केबल मंडळाच्या खांबांवरून जाते. खांबाचा मालकच भागीदार, त्यामुळे कुठल्या खांबावर काय आहे याची नोंद ठेवणं त्याच्याच फायद्याचं. विजेच्या खांबावरून इंटरनेट नेणं हा गुन्हा नाहीच. गावात खोदाई करण्यापेक्षा ते स्वस्त आणि लवकर होतं.

तेव्हा कापाकापीच्या आधी मोजणी हवी. महावितरणच्या उपविभागाने आपल्या खांबांवर कुणाकुणाच्या केबल आहेत याची गाववार यादी करावी, कंपन्यांना नोटीस देऊन अर्ज भरून घ्यावेत आणि प्रत्येक केबलला कंपनीचं नाव आणि फोन नंबर असलेली पट्टी लावून घ्यावी. ज्या वायरीला कुणी वाली येत नाही ती काढून टाकावी. जुन्या केबल टीव्हीच्या वायरी बहुतेक याच सदरात निघतील. ग्रामपंचायतीला परवानगीचा हक्क नसला तरी ग्रामसभेत ठराव करून ही यादी मागायला कुणाची आडकाठी नाही. यादी मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज आहेच.

ऊसतोड सुरू व्हायच्या आधी निदान रस्ता ओलांडणाऱ्या केबल तरी वर ओढून घेता येतील. त्याला ना शासन निर्णय लागतो, ना निधी. एक शिडी, दोन माणसं आणि तेवढ्या वेळापुरता बंद ठेवलेला फीडर, एवढ्यावर होतं.