नैसर्गिक रंग आणि मोरचुदाची पुडी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या अपघात विभागात चार वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई आणि आजी आल्या. उलट्या थांबत नव्हत्या आणि उलटीचा रंग हिरवट निळा होता. घरात जुना रेशमी शेला कांद्याच्या सालींनी रंगवायचे चालले होते. पिवळ्यावर हिरवी झाक यावी म्हणून कृषी सेवा केंद्रातून मोरचूद आणले, पाण्यात विरघळवले आणि उरलेले थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवले. मुलाने ते सरबत समजून तोंडाला लावले. "पण डॉक्टर, सगळं नैसर्गिकच होतं हो," आजी पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

चव इतकी कडवट की त्याने बहुतेक थुंकून टाकले, म्हणून निभावले. एरवी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, पोटात गेले तर आतड्यांना भाजते, तांबड्या पेशी फोडते. मग कावीळ होते, लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातले हेच.

घरी कापड रंगवण्याच्या छंदाला माझा विरोध नाही. कृत्रिम रंगांची भीतीही निराधार नाही. मलेरियावरचे क्विनीन प्रयोगशाळेत बनवायला निघालेल्या विल्यम पर्किनच्या हाती 1856 मध्ये जांभळा रंग लागला आणि रंगांचे कारखाने उभे राहिले. 1895 मध्ये लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने अशा कारखान्यातल्या कामगारांमधला मूत्राशयाचा कर्करोग नोंदवला. पण म्हणून मंजिष्ठा, डाळिंबाची साल, कांद्याची साल हे शब्द ऐकले की आपण सावधपणा खुंटीला टांगून ठेवतो. धोका सालीत क्वचितच असतो, तो रंगबंधकात असतो.

बहुतेक वनस्पतिज रंग धाग्यावर नुसते टिकत नाहीत. धातूचा क्षार मध्ये लागतो, तो रंगाला धाग्याशी बांधतो. (हळद त्याशिवायही चढते आणि उन्हात उडते, हे डागाचा सदरा वाळत घालणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.) तुरटी हा त्यातला सौम्य क्षार. हिराकस रंग काळवंडतो. तो लोहाचा क्षार, आणि लोहाच्या गोळ्या खाल्लेली मुले आम्ही अत्यवस्थ झालेली पाहतो. पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी खडे तर घरात येऊच नयेत. त्यातले क्रोमियम कातडीला व्रण पाडते आणि त्याची धूळ श्वासातून जात राहिली तर कर्करोगाचे कारण ठरते.

रेशमाला तुरटी पुरते. 100 ग्रॅम कोरड्या कापडाला 10 ते 15 ग्रॅम, कोमट पाण्यात. पाणी उकळू देऊ नये आणि धुण्याचा सोडा वापरू नये. रेशीम हे प्रथिन आहे, दोन्हींनी त्याची चमक आणि ताकद जाते. मंजिष्ठाही जास्त तापली की लाल सोडून तपकिरी होते. पातेले, चमचा, गाळणी स्वयंपाकघरापासून कायमची वेगळी ठेवावी. "नंतर घासून घेऊ" हे चालणार नाही. भुकटी मोजताना नाकावर रुमाल, हातात मोजे. उरलेले द्रावण बाटलीत साठवायचे नाही.

मुलाच्या पोटात काही गेलेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. मिठाने मुले दगावतात आणि भाजणारा पदार्थ वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजतो. 108 ला फोन करा आणि पुडी किंवा बाटली बरोबर आणा.

इथेच आमची अडचण होते. त्या दिवशी आजींनी आणलेल्या पुडीवर काहीच लिहिलेले नव्हते. वर्तमानपत्राचा तुकडा होता. कार्यशाळांमधून दिल्या जाणाऱ्या संचांतही पुड्यांवर 'रंग पक्का करणारी पावडर' एवढेच लिहिलेले मी पाहिले आहे. रसायनाचे नाव, वजन आणि 'विषारी' हा शब्द मराठीत छापल्याशिवाय असा संच विकता येऊ नये, आणि सुटे मोरचूद विकणाऱ्यालाही हाच नियम लागू व्हावा. निदान ग्राहकाने तरी पुडी घेताना नाव लिहून मागावे.